दिवा कोणासाठीं?



आपल्या शाळेच्या शास्त्रगृहांत खाऱ्या पाण्याची एक मोठी कांचेची टाकी बसवावी व तींत समुद्रांतील रंगीबेरंगी मासे ठेवावे, अशी सूचना यंदां वरच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं पुढें आणिली आहे, आणि कित्येक पालकांनीं तिला उदार मनानें पाठिंबाही दिला आहे. सूचना उत्तम आहे. कोल्हापूरच्या मुलांस रंकाळा ठाऊक आहे, पंचगंगा ठाऊक आहे. समुद्र मात्र सुटींतील सहलीपुरताच त्यांच्या वांट्यास येतो. तेव्हां समुद्राचा एक लहानसा तुकडा शाळेंत आणावा असें त्यांस वाटलें, तर त्यांत नवल तें काय? परंतु या टाकीसंबंधीं जी चर्चा माझ्या कानांवर आली, ती सर्व मासे कोणते, कांच किती जाड आणि वरचा दिवा किती झगझगीत, एवढ्याच गोष्टींभोंवतीं फिरत होती. टाकीच्या खालीं, कोणाच्या दृष्टीस न पडणाऱ्या जागीं, एक लहानसा कप्पा असावा लागतो व त्यावर एक साधा दिवा लागतो. त्याचें नांवही कोणीं काढिलें नाहीं.

माझें मत असें आहे कीं, टाकीचें सारें भवितव्य त्या खालच्या दिव्यावर आणि त्याच्या उजेडांत वाढणाऱ्या पिकाची वेळच्या वेळीं कापणी करणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. ह्या दोन गोष्टींची तरतूद होत नसेल, तर टाकी न आणणें बरें. हें मत मीं नुसतें पुस्तकांतून उचललेलें नाहीं. स्वतःच्या घरीं केलेल्या दोन चुकांची किंमत देऊन तें मिळविलेलें आहे. म्हणूनच तें येथें सविस्तर मांडण्याचें धाडस करतों.

प्रथम समुद्र व टाकी यांतील भेद पाहूं. मासा खातो, आणि खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग पाण्यांतच टाकितो. त्यापासून अमोनिया होतो. तो माशांस विषारी असतो. पाण्यांतील उपयुक्त जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व पुढें नायट्रेट बनवितात. नायट्रेट त्या मानानें सौम्य खरें, पण तें सांठत जातें. तसेंच अन्नांतील फॉस्फेटही सांठतें. अफाट समुद्रांत ह्या द्रव्यांचा पत्ताही लागत नाहीं. टाकींत मात्र त्यांस जाण्यास वाट नसते. गोड्या पाण्याची टाकी असेल तर आपण थोडें पाणी उपसून टाकितों व ताजें भरतों. खाऱ्या पाण्याचें तसें नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे २०० लिटरांच्या टाकीस सुमारें ७ किलो समुद्रमीठ लागतें, आणि दर खेपेस चौथाई पाणी बदलावयाचें तर पावणेदोन किलो मीठ गटारांत जातें. रत्नागिरीहून समुद्राचेंच पाणी आणावें म्हटलें, तर आंबा घाट चढून तें कोण व किती वेळां आणणार?

ह्या अडचणीवर निसर्गाचाच एक उपाय आहे. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं खडकांवर हिरवें, तपकिरी व तांबूस शेवाळ पसरलेलें दिसतें. तें पाण्यांतील नायट्रेट व फॉस्फेट शोषून घेऊनच वाढतें. माशाचा मळ तो त्याचें खत. मग मुख्य टाकीखालीं एक लहान टाकी ठेवून, दोहोंमधून पंपानें पाणी फिरवीत राहिलें, आणि खालच्या टाकींत असें शेवाळ वाढविलें, तर पाणी आपोआप निवळत राहील. त्या शेवाळाच्या जाळ्यांत माशांच्या भक्ष्यस्थानीं न पडतां अतिसूक्ष्म कवचधारी जीवही वाढतात व पुढें तेच माशांचें अन्न होतात. दुबळ्या जीवांना तेथें आसरा मिळतो, म्हणून ह्या टाकीस रेफ्युजियम असें नांव पडलें आहे. आपण तीस आश्रयकुंड म्हणूं. ही नुसती हौशी लोकांची कल्पना नव्हे. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ वॉल्टर एडी यांनीं १९८० च्या सुमारास प्रवाळांचें एक बंदिस्त जग अशाच प्रकारें शेवाळाच्या साहाय्यानें चालवून दाखविलें होतें.

असो. आतां माझ्या पहिल्या चुकीकडे वळतों. मीं घरीं शंभर लिटरांची टाकी मांडिली, आणि खालीं आश्रयकुंडही ठेविलें. त्यांत कीटोमॉर्फा नांवाचें शेवाळ सोडिलें. हें शेवाळ गुंतलेल्या हिरव्या दोऱ्याच्या गुंडीसारखें दिसतें, खडकास चिकटून राहात नाहीं, व हातानें सहज उचलतां येतें. म्हणून ह्या कामीं तें सोयीचें. दिवा घेण्यास बाजारांत गेलों तेव्हां मीं काय पाहिलें असेल? डब्यावर लिहिलेला उजेडाचा आंकडा पाहिला, आणि डोळ्यांस कोणता उजेड शीतल वाटतो तें पाहिलें. किंचित् हिरवी झांक असलेला एक शोभेचा दिवा मला पसंत पडला. त्याच्या उजेडांत शेवाळ पाचूसारखें हिरवेंगार दिसे. तो मीं पाण्यापासून दोन हात उंच टांगिला, आणि सायंकाळीं पाहुणे येण्याच्या वेळीं चार तास लावूं लागलों.

तीन आठवड्यांत शेवाळ फिक्कट पडलें, दोरे तुटूं लागले, आणि वरच्या टाकीच्या कांचेवर बारीक हिरवा लेप धरूं लागला. पाण्याची परीक्षा केली तों नायट्रेट कमी होण्याऐवजीं वाढलेलें! मीं औषधांची नांवें शोधूं लागलों. त्याच सुमारास शिरोळकडील एक विद्यार्थी कांहीं कामानिमित्त घरीं आला. त्याच्या वडिलांची उसाची शेती. तो बराच वेळ त्या कुंडाकडे पाहात उभा राहिला व मग म्हणाला, "सर, ह्यो दिवा तुम्ही कुणासाठी लावलायसा? आपल्यासाठी, का त्या शेवाळासाठी?"

मी निरुत्तर झालों. उसाच्या रानांत बांधावरच्या झाडाची सावली पडली तर त्या पट्ट्यांतील ऊस बारीक राहतो, हें त्या मुलास लहानपणापासून ठाऊक. पिकाला उजेड शोभेसाठीं लागत नाहीं, पोटासाठीं लागतो, ही गोष्ट शास्त्राची पुस्तकें शिकविणारा मी विसरलों होतों.

ह्या विसरण्याचें मूळ आपल्या डोळ्यांत आहे. माणसाचा डोळा दिवसाच्या उजेडांत हिरव्या-पिवळ्या प्रकाशास, म्हणजे सुमारें ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशास, सर्वांत तीव्रतेनें ओळखतो. दिव्याच्या डब्यावर 'ल्यूमेन' म्हणून जो आंकडा छापलेला असतो, तो ह्या मानवी डोळ्याच्याच मापानें काढलेला असतो. वनस्पतींतील हरितद्रव्याची आवड मात्र निराळी आहे. तें निळा प्रकाश, सुमारें ४३० ते ४५० नॅनोमीटरचा, आणि तांबडा प्रकाश, सुमारें ६६० ते ६८० नॅनोमीटरचा, विशेषेंकरून शोषून घेतें. हिरवा प्रकाश तें त्या मानानें कमी घेतें व त्यांतील बराचसा परत टाकितें. म्हणूनच तर पान आपणांस हिरवें दिसतें. माझ्या दिव्याखालीं शेवाळ पाचूसारखें चमकत होतें तें ह्याच कारणानें! जें अन्न तें नाकारीत होतें, त्याचीच चमक पाहून मी त्याच्या प्रकृतीविषयीं निश्चिंत झालों होतों.

ही गोष्ट एका सुंदर प्रयोगानें पूर्वींच सिद्ध झालेली आहे. १८८२ सालीं एंगेलमान नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें हिरव्या शेवाळाचा एक बारीक तंतु सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला आणि त्यावर लोलकांतून फांकलेला सप्तरंगी पट्टा पाडिला. त्याच पाण्यांत त्यानें प्राणवायूकडे धांव घेणारे जंतु सोडिले होते. थोड्या वेळांत तंतूच्या ज्या भागावर तांबडा व निळा रंग पडला होता, तेथें जंतूंची दाटी झाली. हिरव्या रंगापाशीं ते तुरळक राहिले. ज्या रंगांत वनस्पति अधिक काम करते, त्याच रंगांत ती अधिक प्राणवायु सोडिते, हें जंतूंनींच दाखवून दिलें. हजारों रुपयांचीं यंत्रें नसतांही केवळ योग्य प्रश्न विचारल्यानें केवढें सत्य हातीं येतें, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्यावरून ध्यानांत घ्यावें.

तर मग दिवा कसा निवडावा? पहिली गोष्ट, शेवाळ कोणतें हें आधीं ठरवावें. हिरव्या जातीस निळा व तांबडा भाग भरपूर असलेला दिवा चांगला. रोपवाटिकांसाठीं जांभळट उजेडाचे एलईडी दिवे मिळतात, ते याच दोन रंगांचे असतात. तो उजेड डोळ्यांस विचित्र वाटतो खरा. पण कप्पा बंद असल्यास कोणास त्रास होण्याचें कारण नाहीं. तो न मिळाल्यास साधा पांढरा एलईडी दिवाही चालतो, कारण त्याच्या पोटांत मुळांत निळाच दिवा असून वरच्या पिवळ्या लेपामुळें तो पांढरा दिसतो. त्यांतही किंचित् पिवळसर, ऊबदार छटेचा घेतल्यास तांबडा भाग अधिक मिळतो. ग्रॅसिलेरियासारख्या तांबड्या शेवाळांत आणखी एक रंगद्रव्य असतें व त्यामुळें तीं हिरवा प्रकाशही कामीं लावितात; त्यांस पांढरा दिवाच अधिक मानवतो.

येथें कोणी विचारील, वरच्या टाकीवर तर निळाशार दिवा लावतात, तोच खालीं कां नको? त्याचें उत्तर असें कीं, पाणी तांबडा प्रकाश लवकर गिळतें व निळा खोलवर जाऊं देतें. खोल समुद्रांतील प्रवाळांस निळ्या प्रकाशाची संवय असते, आणि त्या प्रकाशांत त्यांचे रंगही खुलतात. परंतु आपलें कुंड जेमतेम हातभर खोल असतें. तेवढ्या पाण्यांत तांबडा प्रकाश फारसा कमी होत नाहीं. तेव्हां खोल समुद्राचें सोंग तेथें आणण्याचें प्रयोजन नाहीं. निळ्या दिव्याखालीं शेवाळ मरतें असें नव्हे. परंतु शोभेसाठीं अधिक पैसे मोजून तो दिवा अंधाऱ्या कपाटांत लावण्यांत शहाणपण तें काय?

दुसरी गोष्ट उजेडाच्या प्रमाणाची. भर दुपारच्या उन्हांत वनस्पतींच्या उपयोगी प्रकाश दर चौरस मीटरवर दर सेकंदास सुमारें २,००० मायक्रोमोल पडतो. बहुतेक हिरव्या शेवाळांस ह्याच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रकाश पुष्कळ होतो. म्हणून प्रचंड दिवा नको. जवळ टांगलेला लहान दिवा हवा. दिवा दूर नेला कीं उजेड पसरून झपाट्यानें विरळ होतो, हें दहावीचा मुलगाही सांगेल. शिवाय जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब ह्या कामीं अगदींच वर्ज्य समजावा, कारण तो विजेचा बहुतेक भाग उष्णतेंतच घालवितो, आणि चैत्र-वैशाखांतील कोल्हापूरच्या उन्हाळ्यांत टाकीस आणखी ऊब देणें म्हणजे माशांस शिजविणेंच होय.

तिसरी गोष्ट वेळेची. शेवाळ उजेडांत कर्बवायु घेतें व प्राणवायु सोडितें. अंधारांत तेंही आपल्यासारखाच प्राणवायु घेऊन कर्बवायु सोडितें. म्हणून रात्रीं टाकींत कर्बवायु वाढतो व पाण्याची क्षारता किंचित् उतरते. ह्यावर युक्ति अशी कीं, वरच्या टाकीचा दिवा मावळला कीं खालचा उगवावा आणि पहांटेस मावळावा. अशा रीतीनें वर रात्र असतांना खालीं दिवस राहतो व दोहोंचा तोल सांभाळला जातो. २० वॅटचा दिवा रात्रीं १२ तास जळाला तर महिन्यास सुमारें ७ युनिट वीज लागते. तेवढा खर्च शाळेस जड नाहीं. मात्र खारें पाणी व वीज यांचें वैर कोणींही विसरूं नये. दिव्याची वायर बटनापाशीं येण्यापूर्वीं खालीं लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारा थेंब तेथूनच गळून पडतो; गळती होतांच वीज तोडणारें यंत्र बसवावें; आणि शिक्षकांवांचून कोणाही मुलानें त्यास हात लावूं नये.

आतां माझी दुसरी चूक. दिवा बदलल्यावर शेवाळ असें फोंफावलें कीं, महिन्याभरांत कुंड गच्च भरून गेलें. नायट्रेट उतरलें. मला मोठा अभिमान वाटला. येईल त्यास मी तो हिरवा गालिचा दाखवीत असें व एक दोराही काढूं देत नसें. दीड-दोन महिन्यांनीं एके सकाळीं पाहतों तों मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंडें उघडीत आहेत! वरच्या दाट थरानें खालच्या थरास उजेडच मिळेनासा झाला होता. तो कुजला, आणि त्या कुजण्यांत पाण्यांतील प्राणवायु खर्चीं पडला. एक मासा त्या दिवशीं दगावला. शोषून घेतलेलें सारें खतही कुजलेल्या शेवाळांतून पुनः पाण्यांत उतरलें. म्हणजे मी जी शिल्लक समजत होतों, ती नुसती दडवून ठेविलेली उसनवारी होती.

उसाचेंच उदाहरण पुनः घेऊं. शेतकरी खत घालतो, ऊस वाढतो, पण ऊस रानांत उभा ठेवण्यासाठीं नसतो. तोड येते, मोळ्या बांधून गाड्या कारखान्याकडे जातात, आणि त्यांबरोबर जमिनीचा कसही रानाबाहेर जातो. शेतकऱ्यास त्या कसाची हळहळ वाटते व तो पुनः खत घालतो. आपणांस टाकींतून हेंच हवें आहे: कस बाहेर गेला पाहिजे! दिवा म्हणजे सूर्य, माशांचा मळ म्हणजे खत, आणि शेवाळ म्हणजे पीक. परंतु तोड झाली नाहीं तर पहिल्या तिहींचा कांहीं उपयोग नाहीं. ढोबळ हिशेब करून पाहा. निथळलेल्या १०० ग्रॅम शेवाळांत कोरडा भाग सुमारें १० ग्रॅम धरला व त्यांत शेंकडा ३ नायट्रोजन धरला, तर ०.३ ग्रॅम नायट्रोजन बाहेर जातो. तो सुमारें १.३ ग्रॅम नायट्रेटाइतका होय. २०० लिटर पाण्यांतून दर लिटरमागें साडेसहा मिलिग्रॅम नायट्रेट एका मुठीबरोबर निघून गेलें! हें काम दिवा करीत नाहीं, हात करतो.

हें सर्व वाचून पालकांस रंकाळ्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. गेल्या कांहीं दशकांत नाल्यांचें सांडपाणी मिसळून रंकाळ्याचें पाणी अनेकदां हिरवें झालेलें व जलपर्णीनें झांकलेलें आपण पाहिलें आहे. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति. तिला आपण सरसकट दोष देतों. परंतु ती करीत होती काय? आपल्या आश्रयकुंडांतील शेवाळ जें करतें तेंच. सूर्याचा दिवा लाभला, सांडपाण्याचें खत लाभलें, ती वाढली व पाण्यांतील मळ तिनें आपल्या अंगांत सांठविला. जेव्हां जेव्हां ती वेळीं काढून नेली गेली, तेव्हां तो मळही तळ्याबाहेर गेला. जेव्हां ती तेथेंच कुजली, तेव्हां तो पुनः तळ्यांत परतला. आणि नाल्यांचें पाणी अडविल्यावांचून नुसती कापणी पुरी पडत नाहीं, हाही धडा तेथेंच मिळतो. टाकींत त्याचा अर्थ असा कीं, माशांस खाद्य बेतानेंच घालावें. जो मुलगा शाळेच्या टाकींत हा जमाखर्च समजून घेईल, त्याला आपल्या गांवच्या तळ्याचा जमाखर्चही कळूं लागेल. मला ह्या टाकीचें महत्त्व वाटतें तें ह्याचसाठीं.

कांहीं पालकांचा आक्षेप असा आहे कीं, मुलांस मासे पाहावयाचे असतील तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रांत त्यांस न्यावें. समुद्रांतील जीव डोंगरावर आणून ठेवण्याचा खटाटोप कशाला? हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हांपासून आपल्याकडील असंख्य मुलांनीं कांचेआडचे मासे पाहिले. पण पाहणें वेगळें आणि सांभाळणें वेगळें. सहलींतला मुलगा मासा पाहतो. सांभाळणारा मुलगा पाणी पाहूं लागतो. तथापि आक्षेपांतील अर्धें सत्य मला मान्य आहे. केवळ दर्शनी शोभेसाठीं मुक्या जीवांस पाण्याच्या पेटींत कोंडणें योग्य नव्हे. म्हणून मासे आणावयाचे ते समुद्रांतून धरलेले न आणतां टाकींतच पैदास केलेले आणावे. संख्येनें थोडे आणावे. आणि प्रवाळांच्या नादीं मुळींच लागूं नये, कारण आपल्या समुद्रांतील प्रवाळांस कायद्याचें संरक्षण आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यांतून, जें १९८७ सालीं घोषित झालें, सहलीच्या वेळीं शेवाळ किंवा शिंपले पिशवींत घालून आणण्याचा मोहही टाळावा.

आणखी एक इशारा. कापलेलें शेवाळ ओढ्यांत, तळ्यांत किंवा सहलीला गेल्यावर समुद्रांत कधींही टाकूं नये. १९८४ सालीं भूमध्य समुद्रांत मोनॅको येथील सागरी संग्रहालयाच्या खालींच कॉलर्पा टॅक्सिफोलिया ह्या शेवाळाचा एक लहानसा ठिपका आढळला, सुमारें एक चौरस मीटरचा. मत्स्यालयांतून निसटलेलें हें शेवाळ पुढें किनाऱ्या-किनाऱ्यानें दूरवर पसरलें व तेथील मूळच्या वनस्पतींच्या जागा त्यानें बळकावल्या. तेंच शेवाळ २००० सालीं कॅलिफोर्नियांत सांपडलें, तेव्हां तें निपटून काढण्यास २००६ सालापर्यंत झटावें लागलें. म्हणून आपलें पीक गोड्या पाण्यांत धुऊन, उन्हांत पुरतें वाळवून, मगच शाळेच्या बागेंतील खतखड्ड्यांत घालावें. माशांचा मळ अशा रीतीनें फुलझाडांच्या कामीं येईल.

तर सारांश असा. टाकी आणावयाची असेल तर वर्गणींतील पहिला पैसा आश्रयकुंडावर व त्याच्या साध्या दिव्यावर खर्च व्हावा. वरची रोषणाई मागाहून, उरल्यास. नववीच्या मुलांच्या पाळ्या लावाव्या. दर आठवड्यास पाण्याची परीक्षा व दर पंधरवड्यास शेवाळाची तोड व्हावी, आणि काढलेलें वजन भिंतीवरील तक्त्यावर लिहावें. सुटींत हें काम कोण करणार, त्यांचीं नांवें टाकी येण्यापूर्वींच ठरावीं. एवढें करण्याची तयारी नसेल, तर गोड्या पाण्याची लहान टाकी व चार पाणवनस्पति यांवरच तूर्त समाधान मानावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं.

मित्रहो, वरचा दिवा पाहुण्यांसाठीं असतो. त्याच्या उजेडांत आपलें कौतुक होतें. खालचा दिवा कामासाठीं असतो व तो रात्रीं, कोणी पाहात नसतां जळतो. माझ्या घरीं आतां दर पंधरवड्यास रविवारीं सकाळीं मी कुंडांत हात घालतों आणि एक मूठ शेवाळ काढून परसांतील गुलाबाकडे नेतों. शिरोळचा तो विद्यार्थी अधूनमधून येतो. आल्याबरोबर तो वरच्या माशांकडे पाहात नाहीं. आधीं खालचें दार उघडून वाकून पाहतो. आपल्या शाळेची टाकी पाहावयास येणारांनीं असेंच आधीं खालचें दार उघडावें, आणि तें उघडून दाखवितांना आमच्या मुलांस संकोच वाटूं नये, एवढीच माझी इच्छा आहे.